फाशांचा हिशोब आणि पात्रात शिरणं : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राचा जीव होतो, आणि एक जण डीएम (डन्जन मास्टर) म्हणून बाकीचं सगळं जग सांभाळतो. एखादी गोष्ट जमली की फसली, हे फासे ठरवतात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात तो हाच. बेळगावात टिळकवाडीपासून इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांपर्यंत मी पाहिलेल्या बहुतेक टेबलांवर एक वाद हमखास निघतो. रंगात आलेल्या प्रसंगात कुणीतरी म्हणतं, ‘फासा टाक’, आणि दुसरा वैतागतो : आता कुठं मी पात्रात शिरलो होतो! मग नियम जास्त असावेत की कमी, यावर चर्चा घसरते. माझ्या मते ती तिथं घसरायला नको. नियम किती आहेत यापेक्षा, खेळाडू जो निर्णय घेतोय तो त्याच्या पात्रालाही घेता येतो का, हा खरा प्रश्न आहे. या खेळाचा इतिहास पाहिला की हे फार स्पष्ट दिसतं.

खेळाचं मूळ लष्करी आहे. प्रशियातल्या राइसविट्झ पिता-पुत्रांपैकी मुलानं 1824 मध्ये ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले. 1:8000 प्रमाणाचा नकाशा, त्यावर तुकड्यांचे ठोकळे, नुकसान ठरवायला फासे आणि कोष्टकं, आणि दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा पंच. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव. इथल्या घरांत फौजेतली माणसं असतात आणि सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत मांडलेल्या रणभूमीवर, लढाई समजावून घेणं त्यांना ओळखीचं आहे. क्रीगश्पीलही अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीच होतं. पण फासे आणि कोष्टकांचा पसारा इतका झाला की अधिकारी कंटाळले. 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्यानं कोष्टकं जवळपास बाजूला सारली आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ सोपवला. म्हणजे ड्रॅगन आणि जादूगार टेबलावर यायच्या जवळपास शंभर वर्षं आधी हा वाद झालेला होता.

पात्रात शिरण्याची गोष्ट मात्र 1969 ची. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्लीनं ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा खेळ मांडला आणि सेनापतींबरोबर गावातल्या लोकांच्याही भूमिका वाटल्या. लढाई सुरू व्हायच्या आधीच लोक एकमेकांना कोपऱ्यात घेऊन बोलू लागले, कट करू लागले, नियमांत नसलेल्या गोष्टी करू लागले. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मांडायचा आग्रह धरला. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नसननं पुढं ‘ब्लॅकमूर’ हा स्वतःचा खेळ सुरू केला. तिथं अडचण आली मरणाची. फौजेच्या खेळात एका फटक्यात एक मोहरा उठतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण महिनोन्‌महिने जपलेलं पात्र एका फाशानं जाणं कुणाला सोसेना. तेव्हा आर्नसननं नौदलाच्या युद्धखेळांतली कल्पना उचलली. जहाज किती मार खाऊन बुडतं याचा आकडा माणसाला लावला. हेच हिट पॉइंट. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रांच्या खेळाच्या पहिल्या हजार प्रती काढल्या आणि हा आकडा जगभर गेला.

माणूस म्हणजे जहाज नव्हे, ही तक्रार लगेच सुरू झाली. तलवारीचे दहा वार खाऊन कुणी उभा राहतो का? गायगॅक्सनं 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात उत्तर दिलं की हा आकडा नुसत्या जखमांचा नाही. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा सगळं धरलंय. त्याच्या आधी, 1978 मध्ये, ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळानं उलटी वाट धरली होती. हात, पाय, डोकं यांचे वेगळे आकडे, चिलखतानं मार कमी होणार, आणि जे कौशल्य वापराल तेच वाढणार. वास्तवाच्या जवळ जाणारं हे काम मला मनापासून आवडतं. पण हिशोब वाढला, आणि हिशोब करताना पात्र सुटतं ते सुटतंच.

इथं आपल्याकडच्या रंगभूमीची आठवण काढायला हवी. अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 मध्ये याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला जन्मले. 1880 मध्ये त्यांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. शिकारीला निघालेला राजा मध्येच पद म्हणतो, साथीची वाद्यं वाजतात, आणि अरण्यात ती कुठून आली असं कुणी विचारत नाही. इतकी उघड कृत्रिम रूढी, तरी प्रेक्षक तल्लीन. कारण पदातली भावना राजाचीच असते. रूढीनं रसभंग होत नाही. भावना नटाची आणि तोंड राजाचं झालं, की होतो.

खेळातही नेमकं हेच घडलं, 2008 मध्ये. त्या वर्षी आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीनं सगळ्या पात्रांना सारख्या साच्याची कसबं दिली : काही हवी तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. जादूगाराला दिवसाची मर्यादा 1974 पासूनच होती आणि ती बहुतेकांनी पचवली होती. पाठ केलेला मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून जातो, हे त्या जगातलंच कारण. जादूगारालाही ते ठाऊक असतं, म्हणून मंत्र आत्ता वापरू की राखून ठेवू हा निर्णय खेळाडू आणि पात्र बरोबरीनं घेतात. पण तलवारीचा एखादा डाव योद्ध्याला दिवसातून एकदाच का मारता यावा? याचं उत्तर पात्राकडे नसतं.

समजा, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या दरवाजात योद्धा एकटा उभा आहे. त्या आवृत्तीत एक डाव होता, तो टाकला की आसपासचे शत्रू ओढल्यासारखे त्याच्याजवळ येत. समोरचे भालाईत चिडून धावले, हे पटतं. पण मागं सुरक्षित उभा असलेला तिरंदाज धनुष्य हातात घेऊन तलवारीच्या टप्प्यात का येईल? योद्ध्यानं नेमकं काय केलं, हे डीएमला मागाहून रचावं लागतं. त्याच वर्षी जस्टिन अलेक्झांडर या लेखकानं अशा नियमांना पात्रापासून तुटलेले नियम म्हटलं, आणि वादाला नीट आकार आला. हिट पॉइंट अमूर्त आहेत, पण ‘मी आता थकलोय, मागं सरकू’ असं पात्राला वाटू शकतं. तुटलेल्या नियमाला पात्राच्या मनात जागाच नसते. हा फरक मला या साऱ्या चर्चेतला सर्वांत मोलाचा वाटतो.

उलट बाजूनंही प्रयोग झाले. 1981 च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’त भय पाहिलं की मनाचं संतुलन आकड्यानं ढळतं, 1985 च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये सरदार शूर वागेल की भ्याड, हे कधी कधी फासाच ठरवतो. काहींना यात पात्र अधिक खोल वाटतं, काहींना आपलं पात्र हातातून काढून घेतल्यासारखं वाटतं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीनं बरंच मागं घेतलं, तरी योद्ध्याची काही कसबं विश्रांती घेतल्याशिवाय परत येत नाहीत. दम लागतो, म्हणून हे चालून जातं.

बेळगावच्या टेबलावर याला आणखी एक पदर आहे. पात्रं मराठीत बोलतात, रागावली की कन्नडमध्ये शिव्या घालतात, आणि नियम मात्र इंग्रजीत. ‘काय करालायस रे दारात?’ असा पहारेकऱ्याच्या तोंडून दम भरणारा डीएम पुढच्याच क्षणी ‘इनिशिएटिव्ह सांगा’ (लढाईत कुणाची पाळी आधी, ते ठरवणारा आकडा) म्हणतो, आणि प्रत्येकाची नजर कागदावर जाते. म्हणून काही डीएम आता सगळे फासे स्वतः टाकतात, आकडे पडद्यामागे ठेवतात आणि खेळाडूंना फक्त ‘ढाल फुटली, हात बधिर झालाय’ एवढंच सांगतात. पंचावर भिस्त ठेवणारी ही रीत मला फार आवडते. पण पाच जणांचे हिट पॉइंट, शत्रूंचे वेगळे आणि मंत्रांचा हिशोब एकट्यानं ठेवायचा, म्हणजे लढाई संथ होते. शिवाय सगळ्यांनी डीएमवर विश्वास टाकायला हवा. ज्या टेबलावर तो नाही, तिथं फासे उघड्यावरच टाकावे लागतात.