हल डर्बी

हल डर्बी : इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशरमधल्या हल या बंदराच्या शहरात रग्बी लीगचे दोन मोठे क्लब आहेत. त्यांच्यातला सामना आणि सव्वाशे वर्षांची चुरस या नावाने ओळखली जाते. शहराचे पूर्ण नाव किंग्स्टन अपॉन हल. उत्तरेकडून येणारी हल नदी शहराचे दोन भाग करून हंबर खाडीला मिळते. नदीच्या पश्चिमेला हल एफसी, पूर्वेला हल किंग्स्टन रोव्हर्स. पहिल्याचे रंग काळा-पांढरा, दुसऱ्याचे लाल-पांढरा. नदी अरुंद आहे, तिच्यावर उघडमीट करणारे पूल आहेत आणि माणूस चालत काही मिनिटांत पलीकडे जातो. पण एका क्लबचा खेळाडू दुसऱ्या क्लबच्या करारावर सही करतो, तेव्हा त्याने ही नदी ओलांडली असे म्हणतात, आणि ते ओलांडणे वर्षानुवर्षे लक्षात ठेवले जाते.

मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळली जाते ती रग्बी 15 जणांची, म्हणजे युनियन. लीगमध्ये 13 जण खेळतात. ही वाटणी खेळाच्या तंत्रावरून झाली नाही, ती मजुरीवरून झाली. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू खाणीत, गिरणीत, गोदीत काम करणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर अर्ध्या-पाऊण दिवसाचा पगार बुडायचा, आणि तो भरून द्यायला लंडनचे पदाधिकारी तयार नव्हते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग देण्याचे ठरवले. हल एफसी त्या संस्थापकांत होता. रोव्हर्स 1897 मध्ये आले. 1898 मध्ये पैसे घेऊन खेळायला उघड परवानगी मिळाली, मात्र खेळाडूकडे दुसरी खरी नोकरी असलीच पाहिजे, अशी अट होती. खेळाडू 'घेणे' ही गोष्ट इथून सुरू झाली. चांगला गडी हवा तर त्याला पैसे द्यायचे, आणि जमले तर गावात कामही लावून द्यायचे.

आज पूर्व-पश्चिम अशी जी पक्की विभागणी दिसते, ती मुळात तशी नव्हती. हल एफसीची स्थापना 1865 मध्ये खाऊनपिऊन सुखी घरांतल्या शिकलेल्या तरुणांनी केली. रोव्हर्सची सुरुवात 1882 च्या सुमारास बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यांत काम शिकणाऱ्या उमेदवार पोरांनी केली, आणि तीही पश्चिम हलमध्ये. पश्चिमेतल्या बुलेव्हार्ड मैदानावर आधी रोव्हर्स खेळत होते. 1895 मध्ये हल एफसीने भाडेपट्ट्यासाठी जास्त रक्कम देऊन ते मैदान मिळवले आणि रोव्हर्सना नदीपार जावे लागले. म्हणजे या दोन क्लबांत पहिली ओढाताण जागेवरून झाली, खेळाडूंवरून नंतर. 2002 पर्यंत बुलेव्हार्ड हे हल एफसीचे घर राहिले. पूर्वेला क्रेव्हन पार्क हे रोव्हर्सचे घर 1922 पासून. 1989 मध्ये ते नव्या जागी हलले, नाव तेच ठेवले.

कामधंद्यानेही दोन बाजू वेगळ्या केल्या. पश्चिमेला सेंट अँड्र्यूज डॉक आणि हेसल रोड ही मासेमारीची वस्ती. इथली ट्रॉलर जहाजे आइसलँड आणि उत्तर नॉर्वेपर्यंत तीन-तीन आठवडे जायची. पूर्वेला अलेक्झांड्रा आणि किंग जॉर्ज या मालाच्या गोद्या, तिथे धान्य, लाकूड, कोळसा यांची चढउतार. 1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलची तीन ट्रॉलर जहाजे एकामागून एक बुडून 58 माणसे गेली, तेव्हा हेसल रोडवरच्या बायका रस्त्यावर उतरल्या. 1976 मध्ये आइसलँडशी असलेला मासेमारीचा तंटा ब्रिटनच्या विरोधात संपला आणि खोल समुद्रातला तो धंदा जवळजवळ बसला. हे सांगणे आडवळणाचे वाटेल, पण डर्बीचा सगळ्यात तेजस्वी काळ नेमका यानंतर आला. काम गेले होते, शनिवार-रविवारचा सामना तेवढा उरला होता.

घराघरांतली ओढ किती खोल होती याची एक गोष्ट हलमध्ये अजून सांगतात. पश्चिमेच्या काही घरांत म्हणे बेकन आणत नसत, कारण त्याच्या कापाला लाल-पांढरे पट्टे असतात. गोष्ट खरी असो वा नसो, सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. लग्ने मात्र सर्रास नदीपार होतात, आणि एकाच जेवणाच्या टेबलाभोवती दोन्ही रंगांचे मफलर दिसतात.

खेळाडू घेण्याच्या व्यवहारात हल एफसीने फार लवकर मोठी उडी मारली. 1913 मध्ये त्यांनी हनस्लेट क्लबकडून बिली बॅटन याला 600 पौंडांना घेतले. तोपर्यंत एवढी रक्कम कोणत्याही खेळाडूसाठी कोणी मोजली नव्हती. बॅटनला सामन्यामागे 14 पौंड मिळत. त्या काळी मजुराचा आठवड्याचा पगार दीड-दोन पौंडांच्या आसपास असे. पुढच्याच वर्षी हलने चॅलेंज कप, म्हणजे लीगमधली मानाची बाद फेरीची स्पर्धा, जिंकला. त्याच 1913-14 हंगामात हलच्या जॅक हॅरिसनने 52 ट्राय केले, म्हणजे तितक्या वेळा प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले. तो शाळेत शिक्षक होता. 1917 मध्ये फ्रान्समध्ये लढताना तो मारला गेला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1921 मध्ये लीगच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दोन्ही शेजारी समोरासमोर आले, हल 16-14 ने जिंकले.

बाहेरून खेळाडू आणणे एक आणि पलीकडच्या काठावरून आणणे वेगळे. बाहेरच्याचे कौतुक होते, तो गेला तर हळहळ होते. शेजाऱ्याकडून आलेल्याला मात्र दोन्हीकडे उत्तर द्यावे लागते. तो ज्या दुकानात पाव घेतो तिथला दुकानदार जुन्या क्लबचा, त्याची पोरे ज्या शाळेत जातात तिथली निम्मी मुले जुन्या क्लबची. म्हणून हलमध्ये या सह्यांबद्दल बोलताना लोक रकमेपेक्षा वागणुकीची चर्चा जास्त करतात. माणूस सांगून गेला की न सांगता, हंगाम संपवून गेला की मध्येच.

क्लाइव्ह सलिव्हन याची हकिकत या सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे. जन्म 1943, कार्डिफमधल्या स्प्लॉट वस्तीत. लहानपणी पायांवर आणि खांद्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि हा खेळू शकेल असे कोणाला वाटत नव्हते. तो लष्करात भरती झाला. 1961 मध्ये हल एफसीने त्याला चाचणीसाठी मैदानात उतरवले, पण यादीत नाव दिले नाही. लीगमध्ये चाचणी दिली हे युनियनवाल्यांना कळले तर खेळाडूवर कायमची बंदी येत असे, म्हणून असे बिननावाचे खेळाडू उतरवायची पद्धतच होती. त्या बिननावाच्या पोराने तीन ट्राय केले. लगेच करार झाला. पुढे हलसाठी 352 सामन्यांत त्याने 250 ट्राय केले. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळणारा हा माणूस चेंडू हातात आला की रेषेच्या अगदी कडेने पळायचा. 1972 मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. कोणत्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच वर्षी लिऑनला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने जवळजवळ सगळे मैदान कापत ट्राय केला. सामना 10-10 बरोबरीत सुटला, आणि आधीच्या निकालांच्या जोरावर चषक ब्रिटनकडे गेला.

1974 मध्ये सलिव्हनने रोव्हर्ससाठी सही केली. पश्चिमेचा लाडका पूर्वेला गेला. तिशी उलटलेली, वेग ओसरत चाललेला, असे समजले जात होते. रोव्हर्ससाठी त्याने 213 सामन्यांत 118 ट्राय केले. आश्चर्य म्हणजे या सहीमुळे तो कोणाचाच शत्रू झाला नाही. पश्चिमेला त्याच्याबद्दल कडवटपणा राहिला नाही, पूर्वेला परकेपणा वाटला नाही. त्याने जुन्या क्लबबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही आणि नव्या क्लबसाठी अंग चोरले नाही, याहून वेगळे कारण शोधायची गरज नाही.

त्या वेळी रोव्हर्सचे प्रशिक्षक आर्थर बंटिंग होते, स्वतः रोव्हर्सचेच जुने खेळाडू. 1978 मध्ये ते उलट दिशेने, हल एफसीकडे गेले. 1978-79 मध्ये त्यांच्या हल एफसीने दुसऱ्या विभागातले सगळेच्या सगळे 26 सामने जिंकले, आणि त्याच हंगामात रोव्हर्स पहिल्या विभागाचे विजेते ठरले. आता गाठ पडणार हे उघड होते. डिसेंबर 1979 मध्ये फ्लडलिट कपचा अंतिम सामना हलने 13-3 जिंकला. मग 3 मे 1980 आला.

त्या दिवशी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यासाठी दोन्ही क्लब लंडनच्या वेम्बली मैदानावर गेले. प्रेक्षक 95,000. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर कोणीतरी पाटी लावली होती की शेवटी निघणाऱ्याने दिवे बंद करून यावे. हलमध्ये आजही ही पाटी ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. सामना सुरू होऊन काही मिनिटांतच रोव्हर्सचे कर्णधार आणि प्रशिक्षक रॉजर मिलवर्ड यांचा जबडा मोडला. ते बाहेर गेले नाहीत, मोडक्या जबड्याने शेवटपर्यंत खेळले. रोव्हर्स 10-5 ने जिंकले.

त्या संघाची यादी नीट वाचावी. विंगवर क्लाइव्ह सलिव्हन, वय 37, पूर्वीचा हलचा. पुढच्या फळीत लेन केसी, तोही पूर्वी हल एफसीचा. त्याला रोव्हर्सनी एकदा ब्रॅडफर्डला विकून त्याच हंगामात विक्रमी 38,000 पौंड मोजून परत आणले होते. समोरच्या बाकावर हल एफसीचे प्रशिक्षक म्हणून बंटिंग, पूर्वीचे रोव्हर्सचे. नदीच्या दोन्ही दिशांनी झालेल्या सह्या त्या एका दुपारी वेम्बलीच्या गवतावर एकत्र आल्या होत्या.

पुढची पाच वर्षे दोघांनी आलटून पालटून जिंकली. 1981 चा प्रीमियरशिप अंतिम सामना रोव्हर्सनी 11-7 घेतला, 1982 च्या जानेवारीत जॉन प्लेयर ट्रॉफी हलने 12-4. हल 1982-83 चे लीग विजेते, रोव्हर्स त्यापुढच्या सलग दोन हंगामांचे. रोव्हर्सनी 1981 मध्ये विगनच्या जॉर्ज फेअरबेर्नसाठी 72,500 पौंड मोजले. हल एफसीने न्यूझीलंडहून गॅरी केम्बल, जेम्स लेलुआई आणि डेन ओहारा यांना आणले. मात्र पैसा संपत होता. 1987 मध्ये हल एफसीला ली क्रुक्स आणि गॅरी स्कोफील्ड हे दोन्ही हुकमी खेळाडू लीड्सला विकावे लागले. शेजाऱ्याकडे गेलेला खेळाडू निदान रस्त्यात भेटतो. श्रीमंत शहराकडे गेलेला परत येत नाही, आणि ते दुःख हलच्या दोन्ही काठांनी सारखेच सोसले आहे.

सर्वांत जास्त दुखावणारी सही 2007 ची. पॉल कुक हा हल एफसीचा स्टँड-ऑफ, म्हणजे संघाची चढाई रचणारा खेळाडू. 2005 मध्ये कार्डिफला लीड्सविरुद्धच्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटांत त्याच्या ट्रायने हल 25-24 जिंकले होते. रोव्हर्स नुकतेच वरच्या गटात, म्हणजे सुपर लीगमध्ये चढले होते. एप्रिल 2007 मध्ये, हंगाम चालू असताना, आपण हलच्या नव्या करारावर सही केलेलीच नाही असे सांगून कुक बाहेर पडला आणि रोव्हर्सकडे गेला. पश्चिमेने सलिव्हनला जे दिले ते कुकला दिले नाही. कार्डिफचा ट्राय आठवतानाही अनेकांच्या चेहऱ्यावर सावली येते. फरक सहीच्या पद्धतीत आहे, आणि तो फरक लोक बरोबर ओळखतात असेच म्हणावे लागेल.

सुपर लीग 1996 मध्ये सुरू झाली आणि खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला. पुढे खेळाडूंच्या पगारावर प्रत्येक क्लबला वार्षिक मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे पूर्वीसारखी बदलीची प्रचंड रक्कम मोजणे कमी झाले. बहुतेक खेळाडू करार संपल्यावर जातात, आणि पुष्कळदा जाण्याची घोषणा हंगामाच्या मध्येच होऊन तो खेळाडू उरलेले सामने जुन्या क्लबसाठी खेळत राहतो. शेजाऱ्याकडे जाणाऱ्यासाठी हे महिने अवघड असतात. प्रत्येक सुटलेला चेंडू संशयाने पाहिला जातो.

शिवाय हलमध्ये पोरे तीच. वेस्ट हल, स्कर्लॉ, मायटन वॉरियर्स अशा हौशी क्लबांतून खेळून वर येणारी मुले दोघांनाही हवी असतात. काही वर्षे दोन्ही क्लबांनी मिळून एकच सामायिक अकादमी चालवली होती. पुढे ती बंद होऊन दोघांच्या पुन्हा वेगळ्या झाल्या.

2016 या एकाच वर्षात हल एफसीने वेम्बलीवर पहिल्यांदा चॅलेंज कप जिंकला (वॉरिंग्टनविरुद्ध 12-10), आणि रोव्हर्स घरच्या मैदानावर जादा वेळेत एका गुणाने सॅलफर्डकडून हरून खालच्या गटात गेले. गट घसरला की चांगले खेळाडू सुटतात. आल्बर्ट केली तेव्हा नदी ओलांडून हल एफसीकडे गेला. नंतर वारा फिरला. हल एफसीत घडलेले जेझ लिटन आणि डीन हॅडली रोव्हर्सकडे आले, आणि 2025 मध्ये हलच्याच मायकी लुईसबरोबर रोव्हर्सच्या त्या संघात होते, ज्याने वॉरिंग्टनला 8-6 हरवून चॅलेंज कप, साखळीचे अग्रस्थान आणि विगनवर 24-6 मात करून अजिंक्यपद असे तिन्ही मिळवले. मोठा करंडक रोव्हर्सकडे 40 वर्षांनी आला होता.

सलिव्हनचे उरलेले सांगायला हवे. रोव्हर्सनंतर तो पुन्हा हल एफसीत परतला. 1982 मध्ये चॅलेंज कपचा अंतिम सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळवला गेला, तेव्हा 39 वर्षांचा सलिव्हन हलच्या विंगवर होता आणि हल जिंकले. 8 ऑक्टोबर 1985 रोजी, 42 व्या वर्षी कर्करोगाने तो गेला. दोन्ही क्लब आपसांत क्लाइव्ह सलिव्हन स्मृती करंडकासाठी खेळतात. हंबर पुलाकडून शहरात येणाऱ्या ए-63 रस्त्याच्या भागाला क्लाइव्ह सलिव्हन वे असे नाव आहे. सामन्याच्या दिवशी पश्चिमेकडून क्रेव्हन पार्कला जाणाऱ्या गाड्या, खिडकीतून काळे-पांढरे मफलर सोडलेल्या, याच रस्त्याने येतात आणि मग नदी ओलांडतात.