बंबाच्या जाळातून वीज? : एका जुन्या हिशोबाची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की खानदेशातल्या परसात तांब्याचा बंब चिंचेने घासून पुन्हा उभा राहतो. मधल्या नळीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या नाहीतर तुरकाठ्या, भोवती पाणी. पाणी तापते आणि उरलेला जाळ धुराड्यातून निघून जातो. दिवसाचे आठ-आठ तास भारनियमन असायचे तेव्हा ‘या जाळावर निदान एक बल्ब तरी लागला असता’ हे वाक्य बंबाशेजारी कुणी ना कुणी बोलायचेच. थंड देशांत असे यंत्र घराघरांत बसवायचा प्रयत्न झाला आहे. घर ऊबदार ठेवायचे आणि त्याच इंधनातून वीजही काढायची. आपल्याकडे त्याला ‘सहवीज’ म्हणतात, पण हा शब्द साखर कारखान्याबाहेर फारसा पोचला नाही.

या कल्पनेचे मूळ एका अडचणीत आहे. उष्णतेपासून वीज करायला गेले की बरीचशी उष्णता उरतेच. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रात कोळशातून मिळालेल्या उष्णतेची साधारण एक तृतीयांश वीज होते. बाकीची बहुतेक त्या अवाढव्य शीतक मनोऱ्यांतून वाफ होऊन आभाळात जाते. हा गलथानपणा नव्हे. टर्बाइन फिरवून झालेली वाफ थंड केल्याशिवाय चक्र पुढे चालतच नाही. मात्र ती उष्णता घेणारा कुणी शेजारी असेल तर एकाच जाळात दोन कामे होतात.

एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा त्याने आसपासच्या इमारतींना वाफही विकली. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कने वीजकेंद्रांचे गरम पाणी नळांतून गावोगाव पोचवायचे धोरण नेटाने राबवले. भुसावळला हेच करायचे म्हटले, तर पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात गरम पाण्याचा नळ कोण मागेल? आपल्याकडे उष्णतेचे बारमाही गिऱ्हाईक घरात नव्हते. ज्याला हवी होती तो हंगामी साखर कारखाना होता. बगॅस म्हणजे रस काढून उरलेले उसाचे चिपाड जाळायचे, वाफेने आधी टर्बाइन फिरवायचे आणि तीच वाफ पुढे रस आटवायला न्यायची. पुढे जास्त दाबाचे बॉयलर आले आणि उरलेली वीज ग्रिडला विकता येऊ लागली.

घरगुती यंत्राची पाळेमुळे १८१६ पर्यंत जातात. त्या वर्षी रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याने बाहेरून तापवायच्या इंजिनाचे पेटंट घेतले. जाळ सिलिंडरच्या बाहेर असल्यामुळे त्याला पऱ्हाटीही चालावी, निदान कागदावर. न्यूझीलंडमध्ये याच तत्त्वावर घरगुती संच तयार झाला. जपानमध्ये २००३ पासून होंडाचे गॅस इंजिन असलेले ‘इकोविल’ संच घरांत बसू लागले : १ किलोवॉट वीज आणि सुमारे ३ किलोवॉट उष्णता. २००९ मध्ये इंधनघटावरचे, म्हणजे इंजिनाऐवजी रासायनिक क्रियेने थेट वीज करणारे ‘एनेफार्म’ आले आणि इकोविल २०१७ च्या सुमारास थांबले.

अशा संचाला गॅसची जोडणी, धुराचा नळ, गरम पाण्याची टाकी आणि मीटरशी जोडणी लागते. पण कळीची गोष्ट वेगळीच आहे : यंत्र साधारणपणे उष्णतेच्या मागणीवर चालते. टाकीतले पाणी पुरेसे गरम झाले की इंजिन बंद, वीज बंद. शिवाय ग्रिडला जोडलेला साधा संच लाइट गेली की स्वतःही थांबतो, नाहीतर त्याची वीज तारांत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे ज्या भारनियमनासाठी आपण त्याचे स्वप्न पाहिले, नेमका त्याच वेळी तो गप्प बसणार.

आता खानदेशी घराचा हिशोब मांडू. पाच माणसांच्या आंघोळीला १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४२ वर न्यायचे, तर अडीच युनिट उष्णता लागते. इकोविलसारखा संच त्यासाठी पाऊण-एक तास चालेल आणि जेमतेम एक युनिट वीज देईल, तीही हिवाळ्यात. आपल्या उन्हात एक किलोवॉटची सोलर पॅनेल दिवसाला चारेक युनिट सहज देतात. म्हणून इथली वाट उन्हाकडे वळली यात नवल नाही. २०१३ मध्ये साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. २०१५ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने छतावरच्या सोलरसाठी नेट मीटरिंगचे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करायचे नियम केले. २०२४ च्या केंद्राच्या सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. स्वयंपाकाच्या गॅसवर वीज करणाऱ्या घराचा विचार यात कुठेच नव्हता.

तरी एक जागा उरते, ती म्हणजे गोठा. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढला जात होता. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून गावोगाव गोबरगॅस आला. थंडीत मात्र तो रुसतो. आतल्या जिवाणूंना पस्तीसेक अंश ऊब मानवते. पारा दहाच्या आसपास आला, केळीच्या बागेला चरका बसू नये म्हणून रात्री धूर करायची वेळ आली, की शेगडीची ज्योतही बारीक होते. गॅसवर छोटे इंजिन चालवले आणि त्याचे गरम पाणी नळीने टाकीभोवती फिरवले, तर ऊब गॅसला आणि गॅस विजेला असे चक्र जुळते. त्यासाठी चार-दोन नव्हे, बरीच जनावरे हवीत. आणि गॅसमधला सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू लोखंडाच्या किसातून गाळून काढला नाही, तर तो इंजिन आतून खाऊन टाकतो.