घरातली आग टाळणं

घरात आग लागण्याचा धोका कमी करणं म्हणजे उष्णता, जळणारी वस्तू आणि ऑक्सिजन या तिघांची गाठ पडू न देणं. यातला ऑक्सिजन हवेत साधारण २१ टक्के असतोच, त्याचं आपण काही करू शकत नाही, आणि जळणाऱ्या वस्तू तर घरभर, गाद्या पडदे कपडे पुस्तकं, त्या टाकून थोड्याच देता येतात. म्हणजे आपल्या हातात खरी उरते ती उष्णता, कुठे काय तापतंय आणि त्याच्या शेजारी काय ठेवलंय एवढंच. आणि बहुतेक वेळा ही उष्णता आधी खुणा देते, वास येतो, धूर दिसतो, प्लॅस्टिकचा रंग बदलतो. त्या खुणा ओळखता येणं हे मला आग विझवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

मी एकदा पलंगामागची जागा झाडायला म्हणून एक्स्टेंशन बोर्ड ओढून काढला तर एका भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, प्लगची एक पिन काळी पडलेली, आणि हात लावला तर बोर्ड कोमट. हीटर बंद करून बराच वेळ झाला होता तरी! गादीची कड त्याच बोर्डाला टेकलेली होती. मेन स्विच पडला नव्हता, लाइट गेली नव्हती, कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

हे असं का होतं ते समजून घेतलं पाहिजे. पिन सॉकेटमध्ये सैल बसली की वीज बारीकशा जागेतून जाते, तिथे रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो आणि तेवढीच जागा तापत राहते. एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, पडते ती करंट मर्यादेबाहेर गेल्यावर किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर, पण लूज कनेक्शनमध्ये करंट वाढतच नाही त्यामुळे एमसीबीला पत्ता लागत नाही. आरसीसीबी हा तसाच आपोआप पडणारा दुसरा स्विच, ती वीज गळती पकडते, घरात साधारण ३० मिलिअँपिअरची बसवतात, माणसाला शॉक लागण्यापासून ती वाचवते, पण सैल पिन तिलाही दिसत नाही. ते काम हाताने आणि डोळ्यानेच करायचं. प्लग गरम लागतोय का, चटचट आवाज येतोय का, मासळीसारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येतोय का. आला तर स्विच बंद, आणि ते सॉकेट वायरमनने बदलेपर्यंत वापरायचं नाही.

दुसरी गोष्ट लोडची. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर घेतो आणि ज्या बोर्डावर ६ अँपिअर लिहिलंय त्यावर तो लावला तर काय होणार हे उघड आहे. हीटर, गीझर, इस्त्री, ओव्हन यांना भिंतीतला स्वतःचा सॉकेट हवा, एक्स्टेंशन नको, आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड तर कधीच नको. एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवून घेणारे लोक आहेत, हे फार धोक्याचं आहे, कारण वायर तेवढीच जाड राहते आणि मग एमसीबीच्या आधी भिंतीच्या आतली वायर तापते.

लिथियम बॅटरीचं थोडं वेगळं. ती फुगली, दबली किंवा तिला भोक पडलं तर आतली उष्णता आणखी उष्णता तयार करत जाते आणि विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा पेटू शकते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करू नये, आणि ई-बाइक घरातून बाहेर पडायच्या दारात चार्जिंगला लावू नये, कारण पेटली तर वाटच बंद.

अनेक देशांत घरातल्या सगळ्यात जास्त आगी स्वयंपाकघरात सुरू होतात, आणि बऱ्याचदा कारण एकच, गॅसवर काहीतरी ठेवून माणूस दुसऱ्या खोलीत गेला. तेल पेटायच्या आधी धूर सोडतं, साधारण २०० अंशांच्या पुढे, आणि तसंच तापत राहिलं तर साडेतीनशेच्या आसपास ठिणगीशिवायसुद्धा पेट घेतं. पेटलंच तर गॅस बंद करायचा, झाकण किंवा मोठी ताटली कडेने सरकवून वर ठेवायची आणि गार होईपर्यंत उघडायची नाही. कढई उचलायची नाही. पाणी तर अजिबात नाही, ते तेलापेक्षा जड म्हणून खाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं.

सिलिंडरमधला गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, पाइपमधला नैसर्गिक गॅस हलका, तो वर चढतो. दोघांनाही मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. वास आला की कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही, एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही, कारण स्विचमध्ये बारीक ठिणगी पडते. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, दारं खिडक्या उघडा, बाहेर जाऊन फोन करा. गळती शोधायला साबणाचा फेस लावायचा, काडी ओढायची नाही.

आगीत माणसं भाजण्यापेक्षा धुराने जास्त मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून स्मोक अलार्म. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर आणि आत, छताला, महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचा, दहा वर्षांनी बदलायचा. शेगडीच्या अगदी जवळ लावू नका, उगीच वाजतो आणि मग लोक वैतागून बॅटरी काढून ठेवतात. रात्री खोलीचं दार लावून झोपणं यानेही धूर आणि उष्णता बराच वेळ बाहेर राहते, याला काही खर्च नाही.

अग्निशामक सिलिंडर घरात असावा, एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कापड, पेट्रोलसारखे द्रव आणि गॅस अशा तिन्ही आगींसाठीचा, चालतो, फक्त त्यातली पावडर जेमतेम दहा-पंधरा सेकंद पुरते आणि तो कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठी आहे. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा, आणि पाठ दाराकडे ठेवा. फर्निचर भरलेली बंद खोली तीन ते पाच मिनिटांत इतकी तापू शकते की त्यातलं सगळं एकदम पेट घेतं, त्यामुळे पडदा छतापर्यंत पेटला असेल तर विझवत बसू नका, निघा. धूर असेल तर रांगत, लिफ्ट नाही, बंद दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने चाचपून. मागे दार ओढून घ्या. काही राहिलं म्हणून परत आत जायचं नाही.

खिडकीला जाळी असेल तर एक झडप उघडणारी हवी, तिला कुलूप असेल तर किल्ली त्याच खिडकीजवळ खिळ्याला, आणि घरातल्या लहान मुलालासुद्धा अंधारात हात घालून सापडेल अशी.