रंगीत फिल्मची निवड

कॅमेऱ्यात रोल भरण्याआधी हौशी छायाचित्रकाराने प्रकाशाचा बांधलेला अंदाज, म्हणजे रंगीत फिल्मची निवड. डिजिटल कॅमेऱ्यात दर फोटोला आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाशी जुळवणी) बदलता येतो. फिल्मवर या दोन्ही गोष्टी रोलसोबतच ठरतात आणि ३६ फोटो संपेपर्यंत तशाच राहतात. म्हणून ‘सर्वांत चांगली फिल्म कोणती’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठे, किती वाजता आणि कोणत्या ऋतूत, हे आधी सांगावे लागते.

रंगीत फिल्मचे ठळक प्रकार दोन. निगेटिव्ह फिल्म, म्हणजे उलटे रंग उमटणारी, १९७२ साली आलेल्या सी-४१ पद्धतीने धुतली जाते. तिच्यावर दोन स्टॉप जास्त प्रकाश पडला तरी फोटो सहज वाचतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. कमी पडला तर सावल्या करड्या आणि दाणेदार होतात. स्लाइड फिल्म, म्हणजे थेट खरे रंग उमटणारी, ई-६ पद्धतीने धुतात. तिच्यात अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते आणि उजळ भाग एकदा पांढरा पडला की परत येत नाही. नवख्याने निगेटिव्हपासूनच सुरुवात करावी, आणि शंका असेल तिथे थोडा जास्त प्रकाश द्यावा. १९९० साली आलेली फुजीची ५० आयएसओची व्हेल्व्हिया रंगांच्या गडदपणासाठी नावाजली गेली, पण तिला भरपूर ऊन किंवा ट्रायपॉड लागतो.

पावसाळ्यातले ठाण्याचे येऊरचे जंगल हा निवडीचा खरा कस. कडक उन्हात लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एफ/१६ ठेवले तर शटरचा वेग साधारण आयएसओच्या आकड्याइतका धरतात, म्हणजे १०० आयएसओला १/१०० सेकंद. दाट ढग आले की छिद्र मोठे करत एफ/५.६ पर्यंत यावे लागते आणि झाडांखाली आणखी दोनएक स्टॉप जातात. म्हणजे १०० आयएसओवर शटर १/२५ सेकंदावर येते आणि हात हलतो. ४०० वर तेच १/१०० मिळते. शिवाय ढगाळ उजेड निळसर असतो. कोडॅकची एक्टार १०० उन्हात सुरेख रंग देते, पण इथे तिच्या सावल्या निळ्या पडतात आणि माणसांची त्वचा बऱ्याचदा लालसर येते. कोडॅकच्याच पोर्ट्रा ४०० मध्ये हिरवा सौम्य राहतो, चेहरे नैसर्गिक दिसतात. खर्च सांभाळायचा असेल तर अल्ट्रामॅक्स ४०० घ्यावी. गोल्ड २०० उबदार रंगांची, पण ती मोकळ्यावर वापरावी.

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ साली संरक्षित झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. इथे लांब लेन्स लागते आणि तिला वेगवान शटर हवे, म्हणून सकाळच्या उजेडातही ४०० हाताशी असावी. चिखलाच्या करड्या पार्श्वभूमीवर पक्ष्यांचा फिकट गुलाबी रंग फार नाजूक असतो. गडद रंगांची फिल्म तो भडक करते, आणि मग तो फ्लेमिंगोचा राहत नाही.

ठाण्यातल्या तलावाकाठच्या, रात्रीच्या तलावपाळीसाठी सिनेस्टिल ८००टी अनेकांना आवडते. ही ३२०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) पिवळ्या दिव्यांसाठी जुळवलेली फिल्म आहे. त्यामुळे पिवळे दिवे तिच्यावर स्वच्छ दिसतात, तर पांढऱ्या एलईडीखालचा रस्ता निळा येतो. सिनेफिल्मच्या, म्हणजे चित्रपटांसाठीच्या फिल्मच्या, मागचा काळा थर तिच्यावरून काढलेला असल्याने दिव्यांभोवती लाल वलय उमटते. दिवाळीच्या पणत्यांना ते शोभते. सगळ्याच फोटोंना नाही.

रोल फ्रिजमध्ये ठेवावा, मात्र बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबी उघडू नये. आपल्याकडच्या दमट हवेत थंड फिल्मवर लगेच पाणी धरते. विकत घेण्याआधी रोल धुणार कोण, हेही विचारून ठेवावे. काळा थर असलेली सुटी सिनेफिल्म स्वस्त मिळते, पण ती न सांगता नेहमीच्या सी-४१ लॅबला दिली तर थर सुटून रसायने खराब होतात आणि त्याच यंत्रातून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या रोलवर डाग पडतात.