मोठी कॉइल कधी लावावी?

मेटल डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला जमिनीवरून फिरवायची तबकडी असते, तीच कॉइल. २८ सेंमीची (११ इंची) कॉइल काढून ३८ सेंमीची (१५ इंची) लावली की कॉइलचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं. मग खोलीही दुप्पट मिळेल, असं अनेकांना वाटतं. मिळतात ते पाच-सहा सेंमी, तेही जमिनीने साथ दिली तर. काही ठिकाणी तर आधी सहज सापडणाऱ्या वस्तूही या कॉइलखालून निसटून जातात.

याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. कॉइलमधल्या तारेच्या वेढ्यांतून बदलता प्रवाह सोडला की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यामुळे जमिनीतल्या धातूमध्ये भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह, म्हणजे एडी करंट, उमटतात. या प्रवाहांचं स्वतःचं दुबळं क्षेत्र वर परत येतं आणि डिटेक्टर ते पकडतो. म्हणजे तेच अंतर दोनदा कापावं लागतं. कॉइलच्या त्रिज्येच्या मानाने बरंच दूर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. जाणं-येणं दोन्ही धरलं तर सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे सिग्नल दुप्पट झाला तरी खोली वाढते फक्त १२ टक्के.

आता दोन्ही कॉइलमध्ये वेढे आणि प्रवाह सारखेच आहेत आणि वस्तू बरोबर मध्याखाली आहे असं धरू. वस्तू ३० सेंमी खोल असेल तर मोठ्या कॉइलला तिच्याकडून सुमारे २.२ पट सिग्नल मिळतो. ११-१२ सेंमी खोलीवर दोन्ही कॉइल सारख्याच ठरतात. त्याहून वर मोठी कॉइल मागे पडते. ५ सेंमी खोलीवर तिचा सिग्नल लहान कॉइलच्या जेमतेम ६४ टक्के असतो. लहान कॉइल ३० सेंमीवर जेवढा सिग्नल देते, तेवढाच मोठी कॉइल सुमारे ३६ सेंमीवर देते. खऱ्या कॉइलची रचना वेगळी असल्याने हे आकडे थोडे इकडेतिकडे सरकतील, पण कल हाच राहतो.

या सहा सेंमीकडे जरा नीट पाहा. शेतात पिकाचे खुंट उभे आहेत, गवत घोट्यापर्यंत आहे किंवा हात दमल्यामुळे कॉइल सहा सेंमी वरून फिरतेय, तर सगळा फायदा तिथेच संपला. लहान कॉइल खुंटांमधून वाट काढत जमिनीला घासून फिरवता येते, रुंद कॉइल येत नाही. म्हणून मोठ्या कॉइलसाठी पहिली अट सपाट आणि मोकळ्या जमिनीची. नांगरून फळी फिरवलेलं शेत, आखूड कापलेलं कुरण, कोरडी वाळू अशा जागा तिला मानवतात.

दुसरी अट लोखंडी कचरा कमी असण्याची. जुन्या वस्तीच्या जागी दर वीतभर अंतरावर एखादा खिळा असतो. रुंद कॉइलखाली नाणं आणि दोन खिळे एकाच वेळी येतात आणि लोखंडाच्या सिग्नलमध्ये नाण्याचा सिग्नल बुजून जातो. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज दाबण्याची सोय, चालू असेल तर यंत्र चक्क गप्प बसतं, आणि इथे काहीच नाही असं समजून आपण पुढे जातो. अशा जागी १५ ते २२ सेंमीची कॉइलच हवी. खोली कमी मिळते, पण दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात.

तिसरी अट जमिनीतल्या खनिजांची, आणि मोठी कॉइल सर्वांत जास्त इथेच फसते. मॅग्नेटाइटची काळी रेती, लोहयुक्त लाल माती, ओली खारी वाळू हे सगळं स्वतःचा सिग्नल देतं. कॉइल मोठी झाली की तिच्या टप्प्यात येणारी मातीही वाढते. नाणं मात्र एकच असतं. तपासणी सोपी आहे. धातू नसलेली जागा शोधा, कॉइल जमिनीपासून ५ ते ३० सेंमीच्या दरम्यान वर-खाली करा आणि ग्राउंड बॅलन्स साधा, म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल वगळला जाईल अशी जुळवणी करा. आवाज स्थिर झाला तर ठीक. ओव्हरलोडचा (यंत्राला न पेलणाऱ्या सिग्नलचा) इशारा येत राहिला किंवा शांतता मिळवण्यासाठी सेन्सिटिव्हिटी (संवेदनशीलता) निम्म्यावर आणावी लागली, तर मूळ कॉइल परत लावा. खनिजं मध्यम असतील तर कॉन्सेंट्रिकऐवजी (एकात एक गोल वेढ्यांची) डीडी कॉइल (इंग्रजी D आकाराचे दोन वेढे मध्ये एकमेकांवर आलेली) घ्यावी. तिचं क्षेत्र मधल्या अरुंद पट्टीत एकवटतं, त्यामुळे मातीचा गोंगाट कमी होतो. पल्स इंडक्शन यंत्रं, म्हणजे प्रवाहाचे तुटक झटके सोडणारी यंत्रं, अशी जमीन बरीच सहन करतात, म्हणून सोनं शोधणारे त्यांना मोठ्या मोनो कॉइल (सिग्नल सोडायला आणि पकडायला एकच वेढा असलेल्या) लावतात. पण ग्रॅमभराहून हलके कण शोधायचे असतील तर तेही लहान कॉइलकडेच वळतात.

मोठी कॉइल म्हणजे मोठा अँटेनाही. विजेच्या तारा, मोबाइल टॉवर, विजेचं कुंपण यांची खरखर ती जास्त उचलते. खिशातला फोन लांब ठेवा, नॉइज कॅन्सल (बाहेरची खरखर टाळण्याची सोय) पुन्हा चालवा, फ्रिक्वेन्सी बदलून पाहा, आणि सेन्सिटिव्हिटी सर्वांत शेवटी उतरवा.

जोडणीतली एक क्षुल्लक गोष्ट फार छळते. केबल दांड्याला सैल गुंडाळली असेल तर फिरवताना ती हलते आणि खोटे सिग्नल येतात. कॉइलजवळ ती वाकण्यापुरती मोकळी ठेवा आणि तिथून वर घट्ट वेढे देऊन पट्टीने बांधा. कॉइलच्या कव्हरमध्ये अडकलेली काळी रेतीही तसाच गोंधळ घालते; कव्हर अधूनमधून काढून धुवा. कॉइल आपल्या यंत्राच्या मॉडेलसाठीच बनलेली असावी. कनेक्टर जुळला म्हणजे कॉइल जुळली असं नाही.

फिरवताना वेग कमी ठेवा. खोल वस्तूचा आवाज धातूसारखा टणक येत नाही, कुजबुजीसारखा येतो, आणि हेडफोनशिवाय तो बहुतेक वेळा निसटतो. प्रत्येक फेरीला डीडी कॉइल तिच्या लांबीच्या निम्म्याने पुढे सरकवा. कॉन्सेंट्रिक त्याहूनही कमी सरकवा, कारण तिचं क्षेत्र खाली शंकूसारखं निमुळतं होतं. वजन दांड्याच्या टोकाला असल्याने काही शे ग्रॅमनेही खांदा भरून येतो. तासाभराहून जास्त काम असेल तर हार्नेस (वजन पेलणारा खांद्यावरचा पट्टा) लावलेला बरा.

सिग्नल मिळाल्यावर नेमकी जागा ठरवणं मोठ्या कॉइलने अवघड जातं. डीडी असेल तर ती वस्तूवरून आखूड झोके देत मागे ओढत या. आवाज तुटतो त्या क्षणी वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखाली असते. मग कॉइल १०-१५ सेंमी वर उचला. आवाज तसाच दणदणीत राहिला तर खाली बहुधा पत्र्याचा डबा आहे, लगेच विरला तर वस्तू लहान किंवा खोल आहे.

याहून मोठ्या कॉइलचं जगच निराळं आहे. जमिनीत राहिलेले न फुटलेले बॉम्ब शोधणारी पथकं १ मीटर बाय ०.५ मीटरची कॉइल चाकांवर ठेवून ओढतात. नाण्याएवढ्या वस्तूकडे तिचं फारसं लक्षच जात नाही. नगण्य धातू असलेले भूसुरुंग शोधणाऱ्यांना मात्र हातात धरायची लहान कॉइल लागते. जुन्या युद्धभूमीवर मोठ्या कॉइलने खोलवरचा मोठा लोखंडी सिग्नल दिला तर खणू नका. जागेवर खूण करा आणि पोलिसांना कळवा.

कॉइल आपल्या जमिनीवर उपयोगाची आहे का हे हवेत नाणं धरून कळत नाही, कारण हवेत माती नसते. लहान कॉइलने सापडलेले आठ-दहा पुसट सिग्नल न खणता काड्या रोवून ठेवा. मग मोठी कॉइल लावा, ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा आणि त्याच काड्यांवरून फिरवा. बहुतेक ठिकाणी आवाज स्पष्ट झाला तर त्या शेतात ती कॉइल राहू द्या. निम्मे सिग्नल नाहीसे झाले तर उचकटून काढा.