कपातीची नोटीस मागे घेतली किंवा दुसरे काम देऊ केले, तर कामगाराचे हक्क आणि अर्जाची पद्धत

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक भागातील एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कपातीची, म्हणजे कामगारांना कामावरून कमी करण्याची नोटीस निघते, युनियनची धावपळ सुरू होते आणि पंचविसाव्या दिवशी कंपनी कळवते की ऑर्डर मिळाली आहे, नोटीस मागे घेतली आहे, सोमवारपासून कामावर या. सुटकेच्या त्या भरात सोबतचे पत्र कोणी नीट वाचत नाही. मागची सेवा धरली जाणार की नव्याने मोजणी सुरू होणार, हे मात्र पुष्कळदा त्याच पत्रातील एका ओळीवर ठरते.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू आहे. त्याआधी झालेल्या कपातीला 1947 चा औद्योगिक विवाद कायदा लागू पडतो, म्हणून कागदावरील तारीख सर्वांत आधी पाहावी. संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती आणि दरमहा 18,000 रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. मागील बारा महिन्यांत 240 दिवस काम भरले असेल, तर एक वर्षाची सलग सेवा धरली जाते. ठरावीक मुदतीचा करार मुदत संपून थांबला, तर ती कपात ठरत नाही.

एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला कपात करताना कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि कपातीच्या वेळीच प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. मासिक सरासरी वेतन 18,000 रुपये आणि सेवा 8 वर्षे 7 महिने असेल, तर 9,000 गुणिले 9, म्हणजे 81,000 रुपये होतात. ग्रॅच्युइटी याहून वेगळी असून तिचा हिशेबही वेगळा, महिन्याचे 26 दिवस धरून होतो. दोन्ही रकमा एकाच आकड्यात गुंडाळून दिल्या असतील, तर फोड मागावी. 300 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते.

नोटीस मागे घेण्यासाठी कायद्यात स्वतंत्र कलम नाही, म्हणून नोटिशीची मुदत संपली होती की नाही, हे महत्त्वाचे ठरते. मुदत संपण्यापूर्वी ती मागे घेतली, तर नोकरी तुटलेलीच नसते. भरपाई मिळत नाही, पण पद, वेतन आणि सेवाकाळ आहे तसा चालू राहतो. मुदत संपून हिशेब झाल्यावर मालकाला एकतर्फी घड्याळ मागे फिरवता येत नाही. त्यानंतर ‘परत या’ म्हणणे हा नवा प्रस्ताव असतो आणि तो कामगाराच्या संमतीनेच पूर्ण होतो. पत्रात ‘सेवा अखंड धरली जाईल’ असे आहे की ‘नवीन नेमणूक’ असे, हे येथे तपासावे. नवीन नेमणूक असेल, तर मागच्या सेवेची भरपाई आणि ग्रॅच्युइटी आधी पदरात पडली आहे ना, याची खात्री करूनच सही करावी. कपातीनंतर एक वर्षाच्या आत मालक पुन्हा भरती करत असेल, तर कपात झालेल्यांना इतरांच्या आधी संधी देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

पर्यायी कामाबाबत गैरसमज फार आहेत. ‘दिलेले काम नाकारले, म्हणजे भरपाई बुडाली’ हे सरसकट खरे नाही. ही अट ले-ऑफच्या, म्हणजे नोकरी कायम ठेवून तात्पुरते काम न देण्याच्या, भरपाईसाठी आहे. तेथेही काम त्याच कारखान्यात, किंवा त्याच मालकाच्या त्याच गावातील अथवा 8 किलोमीटरच्या परिघातील दुसऱ्या कारखान्यात हवे, त्यासाठी विशेष कौशल्य वा पूर्वानुभव लागता कामा नये आणि नेहमीचेच वेतन मिळायला हवे. उद्यमबागेतून मच्छे या परिघात बसते, होनगा बसत नाही. कपातीच्या भरपाईला अशी अट कायद्यात लिहिलेली नाही. मोल्डिंगवाल्याला, म्हणजे साचे बनवणाऱ्या कामगाराला, कमी श्रेणीत घालून वेतन उतरवायचे असेल, तर सेवाशर्तीतील बदलाची 21 दिवसांची नोटीस मालकाने द्यावी लागते. नाइलाजाने रुजू व्हावे लागले, तर पोचप्रतीवर ‘हक्क राखून, अटी मान्य नसताना रुजू’ असे तारखेसह स्वतःच्या हाताने लिहावे. कोऱ्या किंवा न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नये.

तक्रारीसाठी नोटीस, ती मागे घेतल्याचे पत्र, पर्यायी कामाचे पत्र, नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या वेतनपावत्या, पीएफ पासबुक, ईएसआय कार्ड, आधार आणि बँक पासबुक यांच्या प्रती जोडाव्यात. नेमणूकपत्र नसेल, तर पीएफ पासबुकातील महिनावार नोंदी सेवेचा चांगला पुरावा ठरतात. प्रथम मालकाला स्पीड पोस्टाने लेखी हरकत पाठवावी आणि पावती जपावी. तोडगा न निघाल्यास बेळगावच्या कामगार खात्याच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. त्यात सेवेचा काळ, शेवटचे वेतन, घटनाक्रम आणि नेमकी मागणी लिहावी. ‘न्याय मिळावा’ एवढ्यावर न थांबता ‘सेवा अखंड धरून पूर्वपदावर घ्यावे, अन्यथा भरपाई द्यावी’ असे स्पष्ट मागावे. समेटाचा अहवाल 45 दिवसांत अपेक्षित आहे. तडजोड न झाल्यास अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटली, तर समेटाची वाट बंद होते, म्हणून ‘बघू, करू’ म्हणत तोंडी आश्वासनांवर थांबू नये.

सीमाभागाच्या दोन गोष्टी राहिल्या. निपाणीहून कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांनी अर्ज महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या कामगार कार्यालयात करायचा असतो, कारण कामगाराचे घर कोठे आहे यावर नव्हे, तर कारखाना कोठे आहे यावर अधिकारक्षेत्र ठरते. बेळगावात अर्ज मराठीत दिला म्हणून तो परत करता येत नाही. गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 350 ने दिला आहे. तरीही कार्यालयाचे काम कन्नडमध्ये चालते, तेव्हा सोबत कन्नड प्रत जोडली तर सुनावणी लवकर लागण्याची शक्यता वाढते, आणि कन्नडमध्ये आलेली नोटीस सहीपूर्वी विश्वासू माणसाकडून शब्दशः वाचून घ्यावी.