पोलंडची गाडी नेमकी कशावर पळाली?

ऐंशीच्या दशकातल्या पोलंडमधल्या सरकारी दुकानांचे फोटो बघितलेत का कधी? लांबच लांब फळ्या आणि त्यावर नुसत्या व्हिनेगरच्या बाटल्या, बाकी सगळा ठणठणाट. मांस तर 1989 पर्यंत कूपनवर मिळायचं.

मग कम्युनिस्ट राजवट गेली आणि 1 जानेवारी 1990 ला अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या, सबसिड्या छाटल्या आणि त्या एका महिन्यात भाव जवळपास 80 टक्क्यांनी चढले. लोकांचं कंबरडंच मोडलं. पण फळ्या भरायला लागल्या. वॉर्सात लोक घडीच्या खाटा फुटपाथवर टाकून त्यावर जे हाताला लागेल ते विकायला बसले, नंतर पत्र्याच्या टपऱ्या आल्या, त्यांना नाव पडलं 'श्चेंकी' म्हणजे जबडे!

आता अर्थशास्त्रवाले वाढीचा हिशोब कसा लावतात बघा. माणसं किती वाढली, मशिनरी किती वाढली ते मोजायचं, उत्पादनाच्या वाढीतून ते वजा करायचं आणि जे उरेल ती उत्पादकता. रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये ही वजाबाकी रूढ केली. पोलंडला ती लावली की गंमत दिसते. नोकऱ्या घटत होत्या, बेकारी 1993 पर्यंत 16 टक्क्यांवर गेली, नवीन मशिनरीचं म्हणाल तर तिथेही हात आखडलेलाच, तरी 1992 पासून अर्थव्यवस्था वाढायला लागली. म्हणजे सुरुवातीची बरीचशी वाढ त्या 'उरलेल्या' भागातली.

ती आली कुठून? जुन्या व्यवस्थेत केवढं वाया जात होतं ते बघितलं की कळतं. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई म्हणायचे की सरकारी कारखान्याचं बजेट 'मऊ' असतं, तोटा झाला तरी सरकार भरून देणार. थोडक्यात, बाप बिल भरतोय म्हटल्यावर पोरगं मेन्यूकार्डावरचे भाव कशाला बघेल? मग मॅनेजर गरजेपेक्षा जास्त कामगार धरून ठेवणार, लोखंड गोदामात साठवून ठेवणार, कारण उद्या मिळेल न मिळेल. हा आधार काढल्यावर तोच वेल्डर, तेच लोखंड, तीच जागा दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला आली. आणि माझ्या मते खरी कमाल मोठ्या कारखान्यांच्या खासगीकरणाची नाहीच, ते रखडत रखडत झालं. कमाल छोट्या धंद्यांची, ज्यांना धंदा उघडायची मोकळीक खुद्द कम्युनिस्ट सरकारच्याच उद्योगमंत्र्याने, मिएचिस्वाव विल्चेक यांनी, 1989 च्या सुरुवातीलाच देऊन ठेवली होती.

शेजारी युक्रेनमध्ये मात्र तोट्यातले कारखाने पोसणं चालूच राहिलं, तिथली अर्थव्यवस्था 1999 पर्यंत आक्रसतच गेली. अर्थात तेवढं एकच कारण नव्हतं, युरोपची बाजारपेठही पोलंडच्या दाराशी होती.

बाहेरचं भांडवल यायला लागलं तसं पैशाबरोबर कामाची पद्धतही आली. चेक लोकांची स्कोडा घ्या. एके काळी ब्रिटनमध्ये तिच्यावर जोक चालायचे की स्कोडाची किंमत डबल करायची तर टाकी फुल करा. 1991 मध्ये फोक्सवॅगन आत आली आणि दहाच वर्षांत ती कंपनी आपल्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडायला लागली.

पण या हिशोबात माणसं कुठे दिसत नाहीत. पोलंडमधल्याच ग्दान्स्क शहरातल्या जहाजबांधणीच्या ज्या गोदीत संप करून कामगारांनी कम्युनिस्ट राजवट हलवली, ती गोदी 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे 2004 ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला आणि लाखो तरुण बॅगा भरून ब्रिटन-आयर्लंडला निघाले, तेव्हा घरी बेकारी 20 टक्क्यांच्या आसपास होती.